उपजत साद आणि शिकलेले गाणे : कोआला व झेब्रा फिंच यांची एक तुलना

मानवी भाषेचे वेगळेपण नेमके कशात आहे, या प्रश्नाची उत्तरे सामान्यतः दोन दिशांनी शोधली जातात. पहिली दिशा शरीराची. मनुष्याचे स्वरयंत्र, जीभ, टाळू व ओठ यांची रचनाच अशी आहे की तीतून भिन्नभिन्न ध्वनी निर्माण व्हावेत, असे या पक्षाचे म्हणणे असते. दुसरी दिशा समाजाची. मूल भाषा घेऊन जन्माला येत नाही. ते ती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून आत्मसात करते. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची जी तेरा लक्षणे सांगितली, त्यांत या दुसऱ्या गोष्टीला ‘पारंपरिक संक्रमण’ या नावाने स्थान दिलेले आहे. फिलिप लीबरमन यांनी १९६९ पासूनच्या लेखनात पहिल्या दिशेला विशेष बळ दिले. मनुष्याचे स्वरयंत्र इतर वानरवर्गीयांच्या मानाने घशात खाली उतरलेले आहे, आणि ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांसारखे परस्परांपासून स्पष्टपणे वेगळे पडणारे स्वर त्यामुळेच शक्य झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मनुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्यामुळे कोणतीचे कार्य काय, हे केवळ मनुष्याकडे पाहून ठरविणे कठीण जाते. त्या जेथे सुट्या सापडतील तेथे त्यांचे परीक्षण अधिक सुलभ होईल. ऑस्ट्रेलिया खंडातील दोन प्राणी या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे कोआला. निलगिरीच्या झाडांवर राहणारा, पोटाला पिशवी असलेला शिशुधान प्राणी. दुसरा म्हणजे झेब्रा फिंच. जेमतेम बारा ग्रॅम वजनाचा गाणारा पक्षी. हा पक्षी पिंजऱ्यात सहज राहतो व वाढतो. त्यामुळे तो आपल्याकडील पक्षी पाळणाऱ्यांच्याही परिचयाचा आहे. पक्षी व सस्तन प्राणी यांचे वंश तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झाले. अर्थात या दोहोंत जे साम्य वा वैषम्य आढळते, ते नात्यामुळे नव्हे. म्हणूनच ते उद्बोधक ठरते.

१. कोआलाचा कंठ

विणीच्या हंगामात नर कोआला जी डुरकणी फोडतो, ती प्रथमच ऐकणाऱ्याला एखाद्या मोठ्या जनावराची वाटते. श्वास आत घेताना घोरण्यासारखा आणि बाहेर सोडताना ढेकरेसारखा, असे दोन ध्वनी आळीपाळीने येत राहतात. नराचे वजन उत्तरेकडे सहा ते आठ किलोग्रॅम आणि दक्षिणेकडे बारा किलोग्रॅमपर्यंत असते. एवढ्याशा प्राण्याचा आवाज जितका खालचा असावा त्याच्या सुमारे वीस पट खालचा तो असतो. त्याची मूळ कंपने सेकंदाला सरासरी सत्तावीसच्या आसपास भरतात. स्वरयंत्रातील लहानशा स्वरतंतूंतून इतका खर्ज निघणे शक्य नाही, आणि खरोखर तो तेथून निघतच नाही.

बेंजामिन चार्ल्टन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली या कोड्याचा उलगडा केला. कोआलाच्या मृदुतालूत, नाकाकडील व तोंडाकडील मार्ग जेथे मिळतात तेथे, लांब व जाड अशा दोन मांसल घड्या आहेत. नर नाकावाटे श्वास आत ओढतो तेव्हा त्या थरथरतात आणि हा खर्जाचा ध्वनी उमटतो. मनुष्यात मृदुतालूकडे मुख्यतः एक काम असते : नाकाचा मार्ग उघडा वा बंद ठेवून अनुनासिक आणि निरनुनासिक वर्णांत भेद करणे. तोच मृदुतालू निजलेल्या माणसाच्या घोरण्यात थरथरतो, पण त्या ध्वनीला भाषेत स्थान नाही. कोआलाच्या ठिकाणी मात्र मृदुतालू हेच नादाचे उगमस्थान झाले आहे. आपल्या प्रातिशाख्यकारांनी ‘अनुप्रदान’, म्हणजे कंठातून पुरविला जाणारा श्वास वा नाद, आणि त्याला रूप देणारी ‘स्थान’ व ‘करण’ ही अंगे यांत जो भेद केला, त्याच्या भाषेत बोलावयाचे तर कोआलाने अनुप्रदानाची जागाच बदलून टाकली आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट नादाच्या पुढील प्रवासाची आहे. उगमापाशी निर्माण झालेला नाद घसा, तोंड व नाक यांच्या पोकळीतून जाताना काही कंपनसंख्यांच्या ठिकाणी पुष्ट होतो. या पुष्ट पट्ट्यांना ‘फॉर्मंट’ म्हणतात. गुन्नार फान्ट यांनी १९६० साली या उपपत्तीला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि मानवी स्वरांचे वर्णन आजही तिच्याच आधारे केले जाते. पोकळी जितकी लांब तितके हे पट्टे एकमेकांच्या जवळ येतात. चार्ल्टन यांच्या गटाने २०११ साली कोआलाच्या डुरकणीतील फॉर्मंट मोजले, तेव्हा सुमारे अर्धा मीटर लांबीच्या ध्वनिमार्गातून यावेत तसे ते निघाले. एवढा लांब मार्ग कोआलाच्या आकाराशी मुळीच जुळत नाही. त्याचे एक कारण शरीररचनेत सापडले : कोआलाचे स्वरयंत्र घशात कायमचे खाली उतरलेले आहे.

खाली उतरलेल्या स्वरयंत्राला मनुष्याचे खास लक्षण मानण्याच्या मताला हा दुसरा धक्का होय. पहिला धक्का २००१ साली टेकुमसे फिच व डेव्हिड रेबी यांनी लाल हरणाच्या नराविषयी हेच दाखवून दिला होता. या प्राण्यांत त्याचे प्रयोजन अर्थवाही स्वरांचे नसून देहाच्या मोठेपणाचे असते. मोठ्या कोआलाचे फॉर्मंट लहान कोआलाच्या फॉर्मंटपेक्षा जवळजवळ असतात, आणि ऐकणारे कोआला हा फरक ओळखतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. सर्वच नर आवाजाने आपला देह फुगवून दाखवीत असले, तरी त्यांच्यातील लहानमोठेपणाचा क्रम मात्र कायम राहतो. तात्पर्य, ज्या अंगरचनेवाचून मानवी स्वरमाला अशक्य मानली गेली होती, तिच्यासारखी रचना येथे आहे, फॉर्मंट आहेत, त्यांना ओळखणारे कानही आहेत. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्यातून एकच साद निघते. ही साद नराने दुसऱ्याकडून शिकल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही. पिलाच्या संगोपनात पित्याचा वाटा नसतो; पिशवीतून बाहेर येऊन स्वतंत्र झालेला नर वयात आला की डुरकू लागतो.

२. फिंचचे शिक्षण

झेब्रा फिंचची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पक्ष्यांच्या आवाजाचे उगमस्थान ‘सिरिंक्स’ नावाचे इंद्रिय असते आणि ते श्वासनलिकेच्या तळाशी, तिचे दोन फाटे होतात तेथे, असते. मानवी स्वरयंत्राशी त्याचे साम्य जवळजवळ नाही. असे असूनही मानवी भाषासंपादनाशी ज्याची सर्वांत जवळून तुलना करता येते, तो प्राणी हाच.

या अभ्यासाचा पाया डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी १९५० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे घातला. त्यांनी ‘चॅफिंच’ पक्ष्याची पिले प्रौढांपासून दूर ठेवून वाढविली आणि त्यांचे गाणे यंत्राने कागदावर उमटवून पाहिले. लांबी व उंची साधारण बरोबर असली, तरी त्या गाण्याला जातीच्या गाण्याचा घाट नव्हता. पुढे पीटर मार्लर यांनी उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या मुकुटाच्या चिमणीत प्रदेशपरत्वे गाण्याच्या बोली असतात, हे १९६४ मध्ये सविस्तर मांडले. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ साली दाखविले की, गाणे ऐकून झालेले पण सरावापूर्वी बहिरे झालेले पिलू ते गाऊ शकत नाही. पिलाला प्रथम दुसऱ्याचे गाणे ऐकून स्मरणात ठेवावे लागते, आणि नंतर स्वतःचा आवाज ऐकत तो त्या स्मृतीशी जुळवावा लागतो.

झेब्रा फिंचमध्ये हा सारा क्रम सुमारे तीन महिन्यांत आटोपतो. गाणे फक्त नर गातो. जन्मानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तो जवळच्या प्रौढ नराचे, बहुधा पित्याचे, गाणे टिपू लागतो. पाचव्या आठवड्याच्या सुमारास त्याची स्वतःची बडबड सुरू होते. प्रथम अस्फुट व विस्कळीत, मग हळूहळू आकार घेणारी. नव्वदाव्या दिवसाच्या आसपास गाणे पक्के होते आणि जन्मभर तसेच राहते. ते असते सेकंदभराचे, काही थोड्या ध्वनिखंडांचे. पण ते टिकवून ठेवण्यासही कान लागतो. प्रौढ पक्षी बहिरा झाला तर काही आठवड्यांत त्याचे गाणे ढासळू लागते. मादी गात नाही, तथापि तीही लहानपणी ऐकलेले गाणे लक्षात ठेवते आणि जोडीदार निवडताना त्या स्मृतीचा उपयोग करते.

क्लाउस इमेलमान यांचा १९६९ मधील प्रयोग या संदर्भात विशेष बोलका आहे. त्यांनी झेब्रा फिंचची पिले ‘बंगाली फिंच’ या वेगळ्या जातीच्या पालकांकडे वाढविली. नर पिलांनी पालक-पित्याचे गाणे उचलले. (हा बंगाली फिंच नावाने बंगाली असला, तरी तो जपानमध्ये माणसाळविलेला पक्षी असून त्याचा रानटी पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मनोली. याच जातीचे पक्षी सह्याद्रीतही आढळतात.) रक्त एकाचे आणि गाणे दुसऱ्याचे, असा हा प्रकार होय. एका समाजात जन्मून दुसऱ्या समाजात वाढलेले मूल वाढविणाऱ्यांची भाषा बोलते, त्याच्याशी त्याचे साधर्म्य उघड आहे.

मेंदूच्या अंगानेही हे साधर्म्य काही अंशी टिकते. फर्नांडो नॉटेबोम व त्यांचे सहकारी यांनी १९७६ पासून गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूतील गायनकेंद्रे शोधून काढली. झेब्रा फिंचच्या नरात ती मादीहून पुष्कळ मोठी असतात. मनुष्यात वाणीच्या वारसागत दोषाशी ज्याचा संबंध २००१ साली उघडकीस आला, ते ‘फॉक्स-पी-२’ नावाचे जनुक फिंचमध्येही आहे. पिलाच्या मेंदूतील एका गायनकेंद्रात त्याचे कार्य मंद केले, तेव्हा त्याची नक्कल अपुरी व अशुद्ध उतरली, असे २००७ साली आढळले. मात्र यावरून त्याला ‘भाषेचे जनुक’ म्हणणे चूक ठरेल. ते न गाणाऱ्या व न बोलणाऱ्या अनेक पृष्ठवंशी प्राण्यांतही असते.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. लायडन येथील संशोधकांनी २०१० साली झेब्रा फिंचना केवळ स्वराने भिन्न असलेले दोन डच शब्द वेगळे ओळखावयास शिकविले. पक्ष्यांनी ते ओळखलेच, शिवाय पूर्वी न ऐकलेल्या माणसांच्या तोंडचे तेच शब्दही ओळखले. म्हणजे वक्ता बदलला तरी स्वर तोच, ही जाण मानवी कंठाच्या अभावीही असू शकते.

३. परंपरा कोठून सुरू होते?

गाणे शिकावे लागते असे म्हटले की एक शंका उभी राहते. प्रत्येकाने ते दुसऱ्याकडून घेतले, तर पहिल्याने ते कोणाकडून घेतले? भाषेच्या उगमाविषयीही हाच प्रश्न विचारला जातो. २००९ साली ओल्गा फेहेर, पार्थ मित्रा, ओफर चेर्निचोव्स्की व त्यांचे सहकारी यांनी त्याचा प्रायोगिक छडा लावण्याचा प्रयत्न केला. एकाकी वाढलेल्या नराचे गाणे ओबडधोबड असते. त्याचे ध्वनिखंड लांबलेले व अनियमित असतात. अशा नराला त्यांनी गुरू नेमले. त्याच्या शिष्यांनी ते गाणे उचलले, पण जसेच्या तसे नव्हे. त्यांनी त्यात लहानसहान सुधारणा केल्या. त्या शिष्यांकडून पुढील पिलांनी ते घेतले, आणि तीन-चार पिढ्यांत गाणे जातीच्या नेहमीच्या गाण्याजवळ येऊन पोहोचले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. फिंचला जन्मतः गाणे मिळत नाही. मिळतो तो गाण्याविषयीचा कल. हा कल एका आयुष्यात पूर्ण गाणे घडवू शकत नाही. त्याला पिढ्यांची साखळी लागते. निकाराग्वात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून बहिऱ्या मुलांच्या शाळांत जी नवी खूणभाषा उदयास आली, तिची आठवण येथे होते. तिलाही पद्धतशीर रूप आले ते मागाहून येणाऱ्या लहान मुलांकडून. जन्मजात काय आणि संस्कारज काय, हा वाद बहुधा ‘हे की ते’ अशा स्वरूपात मांडला जातो. फिंचच्या बाबतीत खरा प्रश्न, जन्मजात कल परंपरेच्या द्वारे किती पिढ्यांत फलित होतो, असा आहे.

४. संख्या घटली म्हणजे

उपजत साद आणि शिकलेले गाणे यांतील फरक केवळ तात्त्विक नाही. एखादी जात विरळ होऊ लागली की तो प्रत्यक्ष परिणामांत उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील निलगिरीच्या जंगलांत याचे दाखले समोरासमोर मिळतात.

कोआलाचा दाखला दक्षिण किनाऱ्याजवळील कांगारू बेटाचा आहे. १९२० नंतरच्या दशकात तेथे अवघे अठरा कोआला नेऊन सोडण्यात आले. ते ज्या फ्रेंच बेटावरून आणले, तेथील कोआलाही मोजक्याच जनावरांपासून वाढलेले होते. पुढे कांगारू बेटावर त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. २०१९-२० च्या वणव्यांत त्यांपैकी फार मोठा भाग नष्ट झाला. मूळ जनावरे इतकी थोडी असल्याची खूण त्या वंशात उमटली आहे; नरांत जननग्रंथींचा एक जन्मजात दोष तेथे नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. पण डुरकणीला काही झाले नाही. शरीराबरोबर येणारी साद शरीर आहे तोवर राहते.

पक्ष्याचा दाखला झेब्रा फिंचचा नाही, कारण तो पक्षी आजही विपुल आहे. तो आहे त्याच निलगिरीच्या फुलांतील मधावर जगणाऱ्या ‘रीजंट हनीईटर’ या गाणाऱ्या पक्ष्याचा. एके काळी थव्यांनी हिंडणारा हा पक्षी जंगलतोडीमुळे इतका घटला की रानात तो आता काही शेकड्यांनीच उरला असावा. रॉस क्रेट्स व त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या गाण्याची स्थिती वर्णन केली आहे. नरांपैकी सुमारे १२ टक्के नर आपल्या जातीचे गाणे मुळीच गात नव्हते. ते इतर जातींच्या पक्ष्यांची गाणी गात होते. शिकण्याच्या वयात स्वजातीय प्रौढ नर आसपास नसल्यामुळे, जे कानी पडले ते त्यांनी उचलले. अशा वेगळे गाणाऱ्या नरांना जोडीदार मिळण्याची शक्यताही कमी आढळली. गाणे हरवले म्हणून वीण घटते, आणि वीण घटली म्हणून गुरू आणखी विरळ होतात, असे हे चक्र आहे. म्हणूनच पिंजऱ्यात वाढविलेल्या पिलांना रानात सोडण्यापूर्वी त्यांच्या जातीचे गाणे ऐकविण्याचे प्रयत्न तेथे सुरू झाले. कोआलासाठी असा वर्ग भरविण्याची कल्पनाही कोणाला सुचणार नाही. त्याची गरज वेगळी आहे; क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स व राजधानीचा प्रदेश येथील कोआला २०२२ साली संकटग्रस्त ठरविण्यात आले, आणि तेथे प्रश्न झाडांचा, रोगाचा व रस्त्यांचा आहे.

भाषाभ्यासकाला या स्थळी आपल्या क्षेत्रातील परिचित दृश्य दिसल्यावाचून राहणार नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जाणारी निहाली ही कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी भाषा आहे, आणि तिचे भाषक थोडे हजार आहेत. ते कोरकू, मराठी व हिंदी यांच्याशी रोजच्या व्यवहाराने बांधलेले आहेत. अशी भाषा टिकेल की नाही, हे केवळ भाषकांच्या शिरगणतीवरून सांगता येत नाही. ती घराघरांतून मुलांच्या कानी पडते की नाही, यावर ते अवलंबून असते. तथापि साम्य येथेच थांबते. आजूबाजूची भाषा स्वीकारणारे मूल मुके होत नाही वा समाजाबाहेर पडत नाही. त्याला एक पूर्ण भाषा मिळतेच. शिवाय भाषा सोडण्यामागे प्रतिष्ठा, शाळा, बाजार, उपजीविका अशी मानवी कारणे असतात. पक्ष्याच्या ठिकाणी ती संभवत नाहीत.

५. मर्यादा व निष्कर्ष

या तुलनेवरून दोन्ही प्राण्यांना भाषेच्या पायऱ्यांवर बसविण्याचा मोह टाळावयास हवा. फिंचच्या गाण्यात ध्वनिखंडांचा क्रम आहे, पण त्या खंडांना सुटा अर्थ नाही. खंड बदलला म्हणून आशय बदलत नाही. हॉकेट यांनी सांगितलेली द्विस्तरीय रचना, म्हणजे निरर्थक ध्वनींतून सार्थ शब्द आणि शब्दांतून वाक्य, त्यात आढळत नाही. कोआलाच्या डुरकणीत अर्थ आहे. ती कोणाची आणि किती मोठ्याची, हे ऐकणाऱ्याला कळते. पण तो अर्थ देहाच्या मापाला जखडलेला आहे. एकाजवळ परंपरा आहे, पण तिला अर्थाची जोड नाही. दुसऱ्याजवळ अर्थ आहे, पण तो परंपरेने आलेला नाही.

असे असले तरी या तुलनेतून एक निष्कर्ष निश्चितपणे निघतो. खाली उतरलेले स्वरयंत्र आणि फॉर्मंट यांच्या बळावर कोआला भाषेच्या दिशेने एक पाऊलही सरकलेला नाही. उलट, मानवी कंठाशी काडीचे साम्य नसलेला फिंच अनुकरणाच्या बळावर गुरू, शिष्य, बोली आणि पिढ्यापिढ्यांनी होणारे परिवर्तन येथवर येऊन पोहोचला आहे. मकाक माकडाचा ध्वनिमार्ग अनेक भिन्न स्वर काढण्यास पुरेसा आहे, असे २०१६ साली फिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यामुळेही याच निष्कर्षाला पुष्टी मिळते. भाषेच्या उगमाचा शोध घेताना कंठाच्या रचनेपेक्षा कान, मेंदू आणि ऐकविणारा समाज यांच्या परस्परसंबंधांकडे अधिक लक्ष पुरविणे इष्ट होय.

याच निष्कर्षाची दुसरी बाजू जतनाची आहे. जे शरीराने येते, ते राखण्यासाठी शरीरे राखावी लागतात. जे ऐकून येते, त्यासाठी तेवढे पुरत नाही. ऐकविणारा व ऐकणारा योग्य वयात एकमेकांच्या जवळ असावे लागतात. पक्ष्यांची गणना करणाऱ्यांनी ही गोष्ट रीजंट हनीईटरच्या निमित्ताने अलीकडे ध्यानी घेतली. भाषांची गणना करणाऱ्यांनीही, भाषकांच्या आकड्याशेजारी त्यांच्या घरांतील मुले कोणती भाषा ऐकतात याची नोंद करणे अगत्याचे आहे.